मुलीच्या नावाचा ‘अर्थ’ नेमका कुठे असतो? : एस्टोनियातल्या काद्री, लिंदा आणि काया



मागच्या लेखात आपण सिनॉप्सिस कसा लिहायचा ते पाहिलं. आज थोडं माझ्या स्वतःच्या विषयाबद्दल. ‘नावांवर कसली पीएचडी?’ हा प्रश्न मला घरच्या लग्नकार्यापासून ते मुलाखतीच्या खोलीपर्यंत सगळीकडे विचारला जातो, त्याचं एकदाच नीट उत्तर देऊन टाकते. आणि ते देता देता मी पहिल्या वर्षी केलेली एक मोठी चूकही सांगते, कारण ती चूक इतिहासाच्या कुठल्याही विद्यार्थ्याकडून होऊ शकते.

माझा विषय आहे एस्टोनियातली मुलींची नावं. बाल्टिक समुद्राच्या काठावरचा हा देश लोकसंख्येने १४ लाखांच्या आत आहे. भाषा फिनिशच्या जवळची, म्हणजे इंडो-युरोपियन कुटुंबातली नाहीच. व्याकरणात लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ दोघांनाही एकच सर्वनाम. त्यामुळे एखादं नाव मुलीचं की मुलाचं हे व्याकरण सांगत नाही, वहिवाट सांगते.

पहिल्या वर्षी मी काय केलं? एक तक्ता बनवला. डावीकडे नाव, उजवीकडे अर्थ. बाळाच्या नावांच्या पुस्तकात असतो तसाच. लाइने म्हणजे लाट. एहा म्हणजे सूर्य मावळल्यावरचा उजेड. हेल्वे म्हणजे बर्फाचा कण. लूले म्हणजे कविता. मारी म्हणजे बोरासारखं छोटं रानफळ. चारशेच्या आसपास नावं झाली आणि मी खूश होऊन निष्कर्ष लिहिला की एस्टोनियन लोक फार पूर्वीपासून मुलींना निसर्गाची नावं देत आले आहेत.

गाइडनी तक्ता पाहिला आणि फक्त एवढंच विचारलं, “यातल्या प्रत्येक नावापुढे ते पहिल्यांदा कुठे दिसतं याचं वर्ष लिहू शकशील का?”

तो तिसरा रकाना भरायला मला आठ महिने लागले. आणि तो भरून झाल्यावर माझा निष्कर्ष उलटा झाला. कसा, ते पाहू.

आधी उच्चार

परकीय भाषेतल्या नावांवर काम करताना पहिली ठेच इथेच लागते. आपण रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचतो. एस्टोनियनमध्ये जोडीने लिहिलेला ‘ई’ हा दीर्घ ‘ए’ असतो, आणि ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’. म्हणून जे नाव आपण ‘लीलो’ वाचू ते असतं लेलो, आणि ज्याला आपण ‘काजा’ म्हणू ते असतं काया.

आता मराठी वाचकाची गंमत बघा. काया, अनु, माई, काय... ही सगळी एस्टोनियात बायकांची खरीखुरी नावं आहेत! पण काया म्हणजे तिथे शरीर नव्हे, प्रतिध्वनी. अनु आलं ॲना या नावावरून. काय हे काथारिनाचं छोटं रूप. ओळखीचा आवाज आला की आपलं मन लगेच नातं जोडतं. अशी यादी पाहून ‘संस्कृत आणि एस्टोनियन यांचं प्राचीन नातं’ असा लेख लिहायचा मोह कोणालाही होईल. तो आवरायचा. आवाज जुळणं हा पुरावा नाही, फार तर शोध सुरू करण्याचं निमित्त आहे.

काही स्वर तर देवनागरीत बसतच नाहीत. एक स्वर असा आहे की ‘ओ’ म्हणायचा पण ओठ गोल करायचे नाहीत. त्यासाठी डोक्यावर नागमोडी रेघ असलेलं अक्षर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ओट्टो विल्हेल्म माझिंग या पाद्र्याने रूढ केलं. दुसरा स्वर ‘ई’ म्हणताना ओठ ‘उ’सारखे केले की येतो. मी इथे क्रोत, ओइए, युल्ले असं लिहीन, पण ते जवळपासचं आहे एवढं लक्षात ठेवा. ही अक्षरं पुढे पुन्हा लागणार आहेत.

सगळ्यात जुनी नावं कुठे गेली?

एस्टोनियाबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा सुरुवातीचा लिखित स्रोत म्हणजे लिव्होनियाच्या हेन्रीची बखर. हा हेन्री पाद्री होता. त्याने १२२० च्या दशकात लॅटिनमध्ये लिहिलं ते त्या मोहिमांबद्दल, ज्यांत जर्मन आणि डॅनिश लोकांनी तलवारीच्या जोरावर या प्रदेशाला ख्रिस्ती केलं. त्यात एस्टोनियन पुरुषांची नावं येतात. सगळ्यात प्रसिद्ध लेम्बितू, जो १२१७ च्या सप्टेंबरमध्ये लढाईत मारला गेला.

आणि बायका? बायका त्या बखरीत भरपूर आहेत. पण त्या येतात लुटीच्या यादीत. गाव जाळलं, पुरुष मारले, बायका-मुलं आणि जनावरं घेऊन गेले, अशा वर्णनात. त्यांची नावं मात्र जवळजवळ सापडतच नाहीत.

हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण त्याचा परिणाम मोठा आहे. याचा अर्थ ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या काळातल्या एस्टोनियन आयांनी आपल्या मुलींना काय हाक मारली, हे सांगायला आपल्याकडे जवळपास काहीच नाही. इंटरनेटवर ‘प्राचीन एस्टोनियन मुलींची नावं’ अशी यादी दिसली तर पहिला प्रश्न हाच विचारा : कुठल्या कागदावरून? त्यातली बहुतेक नावं मागच्या दीडशे-दोनशे वर्षांतली आहेत. माझ्या तक्त्याचा तिसरा रकाना भरताना सगळ्यात जास्त त्रास याचाच झाला. जी नावं मला सगळ्यात ‘जुनी’ वाटत होती, तीच सगळ्यात नवी निघाली.

काद्री, काथारिना, येकातेरीना : एका बाईची तीन नावं

मग मधल्या सहाशे-सातशे वर्षांत मुलींना काय नावं होती? संतांची. बाप्तिस्म्याबरोबर चर्चची नावं आली आणि लोकांनी ती आपल्या जिभेवर घासून आपलीशी केली. काथारिनाची काद्री, काती, त्रीन, काय झाली. मार्गारेताची मारेत, क्रेत आणि क्रोत. एलिझाबेथची लीस आणि एल्स. गेर्ट्रूडची कॅर्त. क्रिस्तिनाची केर्स्ती. ब्रिगित्ताची पिरेत. तालिन शहरात आज पिरिता नावाचा भाग आहे, तो याच संत ब्रिगित्ताच्या नावाच्या मठामुळे. मठाच्या चर्चची प्रतिष्ठापना १४३६ मध्ये झाली, १५७७ मध्ये युद्धात मठ उद्ध्वस्त झाला, भिंती अजून उभ्या आहेत.

मारीसुद्धा यातलीच. म्हणजे मारिया. हा सगळा प्रदेशच १२१५ मध्ये बिशप आल्बर्टने मेरीच्या नावे केला होता, आजही एस्टोनियाला काव्यात ‘मार्यामा’, मेरीची भूमी म्हणतात. योगायोगाने एस्टोनियनमध्ये ‘मारि’ या शब्दाचा अर्थ रानफळ असाही होतो. मी अठराव्या शतकातल्या शेकडो मारींना ‘रानफळ’ या रकान्यात टाकलं होतं! त्यामुळे माझी ‘निसर्गनावं’ एकदम फुगली. शब्दकोश बरोबर होता. त्या मुलींच्या बाबतीत तो गैरलागू होता.

या नावांत जीव कसा होता हे बघायचं तर २५ नोव्हेंबरचा काद्रीचा दिवस बघा. त्याआधी १० नोव्हेंबरला मार्टिनचा दिवस येतो. दोन्ही संतांचे दिवस, पण गावात त्यांचं रूप वेगळं झालं. मार्टिनच्या संध्याकाळी पुरुषी वेष करून लोक घरोघर फिरतात, त्याचा संबंध पिकाशी. काद्रीच्या संध्याकाळी बायकी, पांढरे कपडे घालून फिरतात, त्याचा संबंध गुराढोरांशी, विशेषतः मेंढ्यांशी. आलेक्झांड्रियाच्या विद्वान संत काथारिनाचा मेंढ्यांशी काय संबंध? काही नाही. म्हणजे ‘काथारिना’चा ग्रीक अर्थ ‘शुद्ध’ असं पुस्तकात लिहिलेलं असलं, तरी एस्टोनियन खेड्यातल्या काद्रीला तो अर्थ कधी कळलाही नसेल. तिच्यासाठी काद्री म्हणजे आजीचं नाव, थंडीच्या तोंडाशी येणारा तो दिवस आणि मेंढ्या.

आता कागदपत्रांकडे येऊ, कारण तुम्हाला पुढे हेच करायचं आहे. एस्टोनियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या ‘सागा’ नावाच्या संग्रहात ऑनलाइन ठेवल्या आहेत. घरी बसून वाचता येतात. पण वहीची भाषा कोणाची? ल्युथरन पाद्री बहुतेक जर्मन. त्यांच्या वह्या जर्मनमध्ये. शेतकऱ्याच्या मुलीचं नाव कधी जर्मन वळणाने पूर्ण लिहिलेलं, कधी जुन्या शुद्धलेखनातलं छोटं रूप. १८४० च्या दशकात दक्षिण भागातले हजारो शेतकरी ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेले, तिथे वहीत रशियन रूप आलं. १८९० च्या दशकापासून साम्राज्य कोसळेपर्यंत ल्युथरन वह्याही रशियनमध्ये लिहिल्या गेल्या. म्हणजे घरातली काद्री एका वहीत काथारिना, दुसऱ्या वहीत येकातेरीना. बाई एकच! तुमच्या डेटाबेसमध्ये मात्र तीन बायका होतात.

त्यात आडनावाचाही आधार नाही. शेतकरी भूदास होते. भूदासत्व उत्तरेत १८१६ मध्ये आणि दक्षिणेत १८१९ मध्ये रद्द झालं, त्यानंतरच्या दोन दशकांत त्यांना आडनावं मिळाली. त्याआधी ओळख शेतावरून. ‘टेकडीवरची काद्री’, ‘ओकवाल्यांची मारी’. शेत बदललं की ओळख बदलली. आणि हो, १९१८ पर्यंत तिथे जुनं ज्युलियन कॅलेंडर होतं, म्हणजे विसाव्या शतकातल्या तारखांना १३ दिवसांचा फरक. छोटी गोष्ट आहे, पण व्हायव्हात बरोबर हीच विचारतात.

तामसारे या लेखकाची ‘सत्य आणि न्याय’ ही पाच खंडांची कादंबरी (१९२६ ते १९३३) एस्टोनियात शाळेपासून वाचली जाते. पहिल्या खंडात आंद्रेस नावाचा शेतकरी दलदलीच्या जमिनीवर संसार थाटतो. त्याची पहिली बायको क्रोत, दुसरी मारी. मार्गारेता आणि मारिया. दोन्ही नावं मुळात चर्चमधून आलेली, आणि तरी एस्टोनियन वाचकाला याहून ‘मातीतली’ नावं सुचणार नाहीत. परकं आणि आपलं यांची सीमा कुठे आखायची, हे इथे कळेनासं होतं.

लिंदा : पुस्तकातून घरात आलेली

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वारं फिरलं. शिकलेल्या एस्टोनियन लोकांना प्रश्न पडला की आपण नुसते ‘गावचे लोक’ आहोत, की एक राष्ट्र आहोत? राष्ट्राला महाकाव्य हवं. शेजारच्या फिनलंडमध्ये लोनरोटने लोकगीतं जमवून ‘कालेवाला’ १८३५ मध्ये आणलं होतं, त्याची मोठी आवृत्ती १८४९ ची. त्यातली आइनो ही मुलगी बघा. लोकगीतांतलं विशेषण, अर्थ ‘एकुलती एक’. लोनरोटने त्याचं विशेषनाम केलं, आणि मग फिनलंडमध्ये आणि एस्टोनियातही खऱ्या मुलींना आइनो म्हणू लागले.

एस्टोनियात हे काम केलं क्रॉइट्सवाल्ड या डॉक्टरने. भूदास घरात जन्मलेला, व्होरू गावात दवाखाना चालवणारा. त्याचं ‘कालेविपोएग’ १८५७ ते १८६१ दरम्यान जर्मन भाषांतरासह छापलं गेलं, लोकांसाठीची आवृत्ती १८६२ मध्ये फिनलंडमधून आली. काही लोककथा, काही लोकगीतं, आणि बरंचसं त्याचं स्वतःचं. त्यात एका विधवेला एक कोंबडी, रानकोंबडीचं एक अंडं आणि एक कावळ्याचं पिल्लू सापडतं. कोंबडीची होते सालमे, अंड्यातून येते लिंदा. लिंदाला चंद्र मागणी घालतो, सूर्य घालतो, ती नाही म्हणते, आणि कालेवशी लग्न करते. नवरा मेल्यावर ती त्याच्या थडग्यावर एकेक दगड आणून टाकते. तो ढीग म्हणजे तालिनची तोम्पेया टेकडी, आणि तिच्या आसवांचं झालं युलेमिस्ते तळं. शेवटी ती स्वतः दगड होते.

चर्चच्या वह्यांत माझ्या तिसऱ्या रकान्याने इथे जोरात उडी मारली. आधीच्या पिढ्यांत लिंदा शोधून सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती येऊ लागते, आणि विसाव्याच्या सुरुवातीला जिकडेतिकडे लिंदा.

मग ‘लिंदा’चा अर्थ काय? यादीवाले सांगतील, ‘लिंद’ म्हणजे पक्षी. अंड्यातून जन्मलेल्या मुलीला शोभतं खरं. दुसरे सांगतील, हे जर्मनिक नाव. तिसरे हेन्रीच्या बखरीत तालिनच्या जागेला ‘लिंदानिसे’ म्हटलंय याकडे बोट दाखवतील. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. पण गंमत अशी की इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याची वाट बघत थांबायची गरज नाही. १९०५ मध्ये ज्या बापाने मुलीचं नाव लिंदा ठेवलं, त्याच्या डोक्यात व्युत्पत्ती नव्हती. ‘आमच्याकडेही महाकाव्य आहे’ हे होतं.

आणि हीच मुलगी परदेशात जन्मली तर? १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य परत येताना ७० हजारांहून जास्त लोक बोटींतून स्वीडन आणि जर्मनीकडे पळाले. पुढे त्यांच्यातले बरेच कॅनडात आणि अमेरिकेत गेले. त्याच वर्षांत अमेरिकेत ‘लिंडा’ हे नाव यादीत सगळ्यात वर होतं! टोरंटोत १९५० मध्ये निर्वासित आईने मुलीचं नाव या अक्षरांनी लिहिलं, तर ती महाकाव्यातली लिंदा की शेजारणीच्या मुलीसारखी लिंडा? की आईला दोन्ही हवं होतं, घरात आपलं आणि शाळेत त्यांचं? नोंदीवरून कळत नाही. घरातली पत्रं मिळाली तरच. अशा नावांपुढे मी तक्त्यात आता ‘ठरवता येत नाही’ असं लिहिते. सुरुवातीला ते लिहिताना कमीपणा वाटायचा. आता वाटत नाही.

शब्दांची नावं

मला ज्या ‘प्राचीन’ निसर्गनावांनी फसवलं, ती आता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी थोडं वर आलेल्या एस्टोनियन घरांत जर्मन धाटणीच्या नावांची हौस होती. राष्ट्रीय चळवळीची कवयित्री कोइदुला घ्या. वडील यान्सेन हे एस्टोनियन वर्तमानपत्र काढणारे, पहिल्या गीत-महोत्सवाच्या (तार्तू, १८६९) आयोजनात पुढे असणारे. आणि मुलीचं नाव लिडिया एमिली फ्लोरेंटाइन! ‘कोइदुला’, पहाटेची, हे टोपणनाव तिला याकोब्सन या कार्यकर्त्याने दिलं. आज देश तिला त्याच नावाने ओळखतो.

१९१८ मध्ये देश स्वतंत्र झाला. तोपर्यंत आणि त्यानंतर आपल्या भाषेतल्या साध्या शब्दांची नावं करायची लाट आली. ओइए म्हणजे फुलाची, ओन्ने म्हणजे सुखाची, लाइने, विर्वे म्हणजे पाण्यावरची लहर, वाइके म्हणजे शांत, मेरिके म्हणजे छोटा समुद्र, विल्या म्हणजे धान्य, ताइमी म्हणजे रोपटं, हेली म्हणजे आवाज, लेलो म्हणजे लोकगीत. यातली एक गोष्ट मला फार आवडते. भाषेत लिंग नाही ना, मग मुलाचं आणि मुलीचं नाव वेगळं कसं करायचं? काही ठिकाणी षष्ठीने काम भागवलं. कोइत म्हणजे पहाट, हे मुलाचं. कोइदु म्हणजे पहाटेची, हे मुलीचं. आपल्याकडे उषा म्हटलं की मुलगी हे शब्दच सांगतो, तिथे विभक्तीला कामाला लावलं.

१९३४ नंतर सरकारही यात उतरलं. नावं एस्टोनियन करून घ्या, अशी मोहीम निघाली आणि काही वर्षांत सुमारे दोन लाख लोकांनी आडनावं बदलली. कार्ल आउगुस्ट आइनबुंड हा राजकारणी १९३५ मध्ये कारेल एनपालू झाला. हे सगळं स्वखुशीने होतं का? लक्षात घ्या, १९३४ मध्येच पॅट्सने सत्ता हातात घेऊन पक्षीय राजकारण बंद पाडलं होतं. नोकरदार माणसावर अशा मोहिमेचं वजन पडतंच.

तुमच्यापैकी ज्यांनी हॉब्सबॉम आणि रेंजर यांचं ‘परंपरेची निर्मिती’ (१९८३) वाचलंय, ते म्हणतील, झालं, हे त्याचंच उदाहरण. बरोबर आहे, पण अर्धंच. परंपरा घडवलेली होती हे दाखवणं सोपं असतं. पुढे त्या घडवलेल्या गोष्टीचं लोकांनी काय केलं, हे शोधणं अवघड आणि जास्त महत्त्वाचं.

यादीतलं नाव, गाडीतलं नाव

१९४० मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळला. १४ जून १९४१ ला सुमारे दहा हजार लोकांना, आणि २५ मार्च १९४९ पासूनच्या दिवसांत वीस हजारांहून जास्त लोकांना मालगाड्यांतून सायबेरियाकडे नेलं. दुसऱ्या वेळी त्यात बहुसंख्य बायका आणि मुलं होती. म्हणजे नेमक्या त्या विर्वे, लाइने आणि ओइए, ज्यांची नावं स्वातंत्र्याच्या उत्साहात ठेवलेली होती.

रशियन कागदांत ही नावं कशी लिहिली जातात? ‘ई-उ’च्या मधल्या स्वराला तिथे अक्षर नाही, त्याऐवजी ‘यु’ येतो. नावापुढे बापाच्या नावावरून केलेलं रशियन पद्धतीचं पितृनाम, जे एस्टोनियन चालीत नसतंच. मुद्दाम आपली अक्षरं असलेलं नाव ठेवावं आणि त्याच अक्षरांना दुसऱ्याच्या वहीत जागा नसावी, हे त्या पिढीने दोनदा पाहिलं. आधी झारच्या काळात, मग सोव्हिएत काळात.

याच काळात लिंदालाही नवा अर्थ मिळाला. तालिनमध्ये तोम्पेयाच्या उतारावर वाइझेनबर्ग या शिल्पकाराने घडवलेला दुःखी, बसलेल्या लिंदाचा पुतळा आहे, १९२० पासून. नेलेल्या माणसांना थडगी नव्हती. त्यांच्या आठवणीत उघडपणे फुलं कुठे वाहणार? मग लोक ती लिंदाच्या पायाशी ठेवू लागले. त्यात धोका होता, तरी ठेवत. आज तिथे त्या आठवणीची पाटी आहे. क्रॉइट्सवाल्डने लिहिलेली विधवा शंभर वर्षांनी खऱ्या विधवांच्या उपयोगी पडली. तिला ‘बनावट परंपरा’ म्हणून सोडून दिलं, तर हे सगळं हातातून जातं.

आता काया. काया काल्लास या जानेवारी २०२१ मध्ये एस्टोनियाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. जन्म १९७७. त्यांची आई १९४९ मध्ये सहा महिन्यांची असताना आजीबरोबर सायबेरियाला नेली गेली होती. हे त्यांनी स्वतः जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. आणि नावाचा अर्थ प्रतिध्वनी!

माझ्या मसुद्यात मी एक सुंदर वाक्य लिहिलं होतं. आईच्या सायबेरियाचा प्रतिध्वनी लेकीच्या नावात, असं काहीतरी. गाइडनी पेन्सिलने बाजूला लिहिलं, ‘पुरावा?’ पुरावा नव्हता. काया हे नाव त्या काळी अनेक घरांत होतं, नुसतं आवडलं म्हणूनही ठेवलं असेल. आईबापांनी काय विचार केला हे मला माहीत नाही, मग ते वाक्य माझं नाही. मी ते काढलं. खोटं सांगत नाही, दोन दिवस हळहळ वाटली. पण हेन्रीने ज्या बायकांची नावं लिहिली नाहीत त्यांच्याबद्दल मी रागावते, आणि ज्यांची नावं माहीत आहेत त्यांच्या तोंडी माझे अर्थ घालते, हे कसं चालेल?

आजच्या यादीचं काय?

एस्टोनियाचं सांख्यिकी खातं नावांची आकडेवारी सगळ्यांना खुली ठेवतं. देशातल्या सगळ्या बायकांची यादी काढली तर वरच्या रांगेत ओल्गा, इरिना, येलेना, तात्याना दिसतात. म्हणजे एस्टोनियन लोक रशियन नावं ठेवतात का? नाही. लोकसंख्येचा मोठा हिस्सा रशियन आहे, आणि त्यांच्यात एका पिढीत थोडीच नावं पुन्हा पुन्हा आली. एस्टोनियन घरांत नावं जास्त, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला माणसं कमी. सरासरीत दडलेलं हे गणित ओळखायला शिका.

नव्या बाळांत सोफिया, मिया, एम्मा अशी सगळ्या युरोपात चालणारी नावं आली आहेत. बरोबरीने मारी-लीससारखी जोडनावं आहेत, आणि लुमी (बर्फ) सारखी शब्दनावंही. २०१६ ते २०२१ या काळात राष्ट्राध्यक्ष होत्या केर्स्ती काल्युलाइद. म्हणजे काही महिने राष्ट्राध्यक्ष केर्स्ती आणि पंतप्रधान काया अशा दोघी एकाच वेळी पदावर होत्या. एकीचं नाव चर्चमधून आलेलं, दुसरीचं शब्दकोशातून. एस्टोनियन माणसाला दोन्ही सारखीच आपली वाटतात.

तुमच्या वहीसाठी

माझा तक्ता आता दोन रकान्यांचा राहिलेला नाही. नाव, शब्दकोशातला अर्थ, पहिली नोंद, नोंद कोणी आणि कुठल्या भाषेत केली, त्या वेळी ते नाव ठेवणाऱ्याला त्यातून काय दिसत असावं, आणि हे कशावरून म्हणतो. शेवटचा रकाना निम्म्याहून जास्त ठिकाणी रिकामा आहे. प्रबंधात तो तसाच जाणार आहे.

तुमचा विषय नावांचा नसेल. गावांची नावं असतील, जातींच्या नोंदी असतील, दागिने, म्हणी, देवळं काहीही असेल. पण ‘हे फार पूर्वीपासून चालत आलंय’ असं वाक्य लिहिताना पेन थांबवा आणि शेजारी एक वर्ष लिहून बघा. लिहिता आलं तर उत्तम. नाही आलं तर तुमचा पहिला खरा संशोधन-प्रश्न तिथेच आहे.

पुढच्या लेखात जुन्या हस्तलिखित नोंदवह्या वाचायला मी कशी शिकले, ते सांगेन. तोवर घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला तिचं नाव कोणी ठेवलं आणि का, एवढंच विचारून बघा. ती काय सांगते ते तारखेसह लिहून ठेवा.